ठाण्यातला इंग्रजीचा क्लास, सहा आठवडे आणि एकच क्रियापद

सहा आठवडे, मंगळवार-गुरुवार संध्याकाळी साडेसात ते नऊ, म्हणजे एकूण बारा बैठका, आणि त्या बाराच्या बारा एका क्रियापदावर. गेट. आपल्याला पाचवीत 'गेट म्हणजे मिळणे' एवढं शिकवून पुढे नेलं होतं तेच ते. एका शब्दावर कुणी दीड महिना क्लास घेतं हे ऐकून घरी सगळ्यांनी मला परत परत विचारलं की नक्की ना, म्हणून नीट सविस्तर लिहितेय, कारण मला हा क्लास खरंच खूप उपयोगी पडला आणि माझ्यासारखे अजून बरेच असणार. मॅडमनी नाव-नंबर कुठे टाकू नका असं स्पष्ट सांगितलंय, त्यांना बारापेक्षा जास्त माणसं नकोत, तेव्हा ते देत नाही. घंटाळीच्या बाजूला जुनी बिल्डिंग, दुसरा मजला, लिफ्ट नाही, खाली झेरॉक्सवाला, एवढं पुरे.

आधी मी का गेले ते सांगते. मी तुर्भ्याला एका फ्रेट फॉरवर्डिंगच्या, म्हणजे लोकांच्या मालाची ने-आण बघणाऱ्या ऑफिसात अकरा वर्षं आहे, न्हावा शेवा बंदराला येणाऱ्या कंटेनरची कागदपत्रं बघते. मराठी मिडियम, पण मेल लिहिणं रोजचं त्यामुळे इंग्रजीची भीती अशी नाही. तर दोन वर्षांपूर्वी एका पार्टीचा माल भिजून आला. आम्ही रीतसर सर्व्हेयरला बोलावून माल तपासून घेतला आणि मी पार्टीला लिहिलं, 'वी इन्स्पेक्टेड द कार्गो'. माझ्या डोक्यात काय होतं तर तपासून घेतला. तिकडून उत्तर आलं की तुमच्या ऑफिसातल्या कुठल्या माणसाने तपासला, तो त्यासाठी पात्र आहे का, तुमचा स्वतःचा रिपोर्ट पाठवा. दोन दिवस नुसती मेलामेली, साहेबांकडून ऐकून घ्यावं लागलं ते वेगळं, आणि वाईट याचं वाटलं की माझ्या वाक्यात नक्की काय चुकलंय हे ऑफिसात कुणालाच सांगता येईना, स्पेलिंग बरोबर, टेन्स बरोबर, ग्रामर तपासणाऱ्या सॉफ्टवेअरलाही काही लाल दिसत नव्हतं.

मग मी एका मोठ्या, काचेच्या दरवाजाच्या क्लासला नाव घातलं (हा ठाण्यातला नाही, आणि नाव घेत नाही). अठरा हजार आधीच भरून घेतले, हातात तीनशे फ्रेजल व्हर्ब्सची (क्रियापदाला अप, ऑफ असे छोटे शब्द जोडून होणाऱ्या जोड्यांची) यादी दिली आणि रोज दहा पाठ करून या म्हणाले. गेट अप, गेट ऑन, गेट ऑफ, गेट ओव्हर, गेट अवे, समोर अर्थ, खाली रिकाम्या जागा. तीन आठवड्यांत सगळं एकमेकात कालवलं गेलं. माझा तो इन्स्पेक्शनचा प्रश्न मी तिथल्या सरांना विचारला तर 'वाक्य करेक्ट आहे' म्हणाले. वाक्य करेक्ट होतं हो, पण खोटं होतं ना! पैसे परत मिळाले नाहीत.

तर आता हा क्लास. पहिल्या दिवशी मॅडमनी इंग्रजीचा एक शब्दही काढला नाही. फळ्यावर मधोमध 'लागणे' लिहिलं, भोवती गोल काढला, आणि म्हणाल्या सांगा. आधी सगळे गप्प. मग कुणीतरी म्हणालं भूक लागते. मग तहान, ठेच, ठसका, उचकी, धाप. नोकरी लागते. निकाल लागतो. आग लागते. दृष्ट लागते. वेळ लागतो, पैसे लागतात. फोन लागत नाही. घाटात गाडी लागते. प्लॅटफॉर्मला गाडी लागते, ती वेगळी. झाडाला आंबे लागले, नळाला गळती लागली, टीव्हीवर पिक्चर लागला, ग्रहण लागलं. भाजी खाली लागली. आमटीला मीठ कमी लागतंय. डोळा लागला. तो माझा मामा लागतो. पोरगं नादी लागलं, काम मार्गी लागलं. वीस मिनिटांत फळा भरला, लोक आपापसात वाद घालायला लागले की हे आलं का ते आलं का, आणि तिथेच मॅडमनी थांबवलं, म्हणाल्या आत्ता तुम्ही 'वाद घालायला लागलात', हे लिहिलंच नाही कुणी. आणि आता तुम्हाला 'थांबावं लागलं', ते पण नाही.

मग त्यांनी विचारलं, हे सगळं कुणी शिकवलं तुम्हाला? यादी पाठ केली होती का? त्यांच्याकडे मोल्सवर्थच्या १८५७ च्या मराठी-इंग्रजी कोशाची जाड प्रत आहे, त्यातली 'लागणे'ची नोंद उघडून बारा जणांत फिरवली, बोट खाली खाली नेत राहिलो तरी चालूच होती. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका साहेबाला आपला हा एक शब्द पकडायला किती कष्ट पडले असतील हे ते पान हातात घेतल्यावर मला एकदम जाणवलं. माझ्या तर अंगावर काटा आला.

दुसऱ्या बैठकीला 'गेट'. आणि इथे या क्लासची जी खरी गोष्ट आहे ती येते. मॅडम म्हणतात, गेटचा अर्थ विचारूच नका, गेटच्या पुढे काय बसलंय ते बघा. पुढे वस्तू असेल तर मिळणे, नाहीतर आणणे: गॉट अ लेटर, गेट मी सम वॉटर. पुढे गुण असेल तर होणे: गेट ओल्ड म्हणजे म्हातारं होणे, गॉट अँग्री म्हणजे चिडला. पुढे जागा असेल तर पोचणे: गॉट होम. पुढे 'टू' आणि क्रियापद असेल तर करायला मिळणे: आय गॉट टू सी हिम, मला त्याला बघायला मिळालं, आणि बघा मराठीत पण तिथे 'मिळणे'च आहे, इतकं सरळ बसतं. पुढे माणूस आणि मग 'टू' असेल तर करायला लावणे, गॉट माय सन टू ईट, मुलाला जेवायला लावलं. इथे 'मेक' वापरलं तर 'टू' येत नाही, मेड हिम ईट, गेटला मात्र 'टू' लागतंच.

आणि पुढे वस्तू, आणि वस्तूच्या पुढे झालेली क्रिया असेल तर करून घेणे. गॉट माय हेअर कट, केस कापून घेतले. गॉट द एसी रिपेअर्ड, एसी दुरुस्त करून घेतला.

हे फळ्यावर आलं तेव्हा मी वहीत न बघता लिहिलं: वी गॉट द कार्गो इन्स्पेक्टेड. दोन वर्षं जे सापडत नव्हतं ते एवढंच होतं. 'आम्ही तपासला' आणि 'आम्ही तपासून घेतला', मराठीत आपण कधीच चुकत नाही, चुकून पण नाही, कारण ते 'घेतला' आपल्या तोंडात आपोआप येतं, आणि इंग्रजीत त्या 'घेतला'चं काम हे गेट करतं हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. ऑफिसात दुसऱ्या दिवशी मी जुने मेल काढून बसले. 'वी रिलीज्ड द कंटेनर' असं मी किती वेळा लिहिलंय! कंटेनर कस्टम्स सोडतं, आम्ही सीएचएकडून (कस्टम्सचं काम करणाऱ्या एजंटकडून) सोडवून घेतो. 'वी गॉट द कंटेनर रिलीज्ड.' आता माझ्या बाजूला बसणाऱ्या दोन मुलींना पण हे मी शिकवलंय आणि त्या कुठेही गेल्या तरी हे विसरणार नाहीत.

मॅडमची अजून एक पद्धत मला फार आवडली, त्या 'लागणे' आणि 'गेट' शेजारी शेजारी ठेवतात आणि कुठे जुळतं कुठे जुळत नाही ते आपल्यालाच शोधायला लावतात. भूक लागली, गॉट हंग्री. नोकरी लागली, गॉट अ जॉब. फोन लागला, गॉट थ्रू. गाडी लागते, गेट कारसिक. आणि ज्याने मी अक्षरशः टाळी वाजवली ते म्हणजे, आम्ही बोलायला लागलो, वी गॉट टॉकिंग, आणि मला जावं लागेल, आय हॅव गॉट टू गो. म्हणजे सुरुवात आणि सक्ती, दोन्ही कामं आपल्याकडे लागणे करतं आणि त्यांच्याकडे गेट. दोन भाषा एवढ्या लांबच्या आणि तरी असं व्हावं याचं मला आजही नवल वाटतं. फक्त एक जपायचं, बोलताना लोक 'हॅव' गिळतात आणि नुसतं 'आय गॉट टू गो' म्हणतात, तेव्हा ते 'मला जायला मिळालं' आहे की 'मला जावं लागेल' आहे हे संदर्भानेच कळतं. न जुळणारे पण पुष्कळ आहेत. आग लागणे, कॅच फायर. निकाल लागणे, रिझल्ट कम आउट होतो. वेळ लागणे, टेक टाइम. आणि मोबाइल चोरीला 'गेला' इथे आपलं जाणे, तर त्यांचं परत गेट, गॉट स्टोलन.

आमच्या बॅचमध्ये चरईच्या एक काकू होत्या, पासष्टच्या पुढच्या, मुलगा अमेरिकेत, नातू सहा वर्षांचा. त्या तिकडे चार महिने राहून आल्या होत्या. त्यांनी तिसऱ्या का चौथ्या बैठकीला सांगितलं की त्या काहीही जड उचलायला गेल्या, भाजीची पिशवी, कपड्यांची बास्केट, की नातू धावत यायचा आणि म्हणायचा 'आय गॉट इट, आज्जी'. काकूंना वाटायचं तो म्हणतोय मला मिळालं, म्हणून त्या विचारायच्या काय मिळालं रे बाळा, कुठे मिळालं, आणि तो गोंधळून आईकडे बघायचा. मॅडमनी सांगितलं की तो म्हणत होता, राहू दे आज्जी, मी घेतो. खोलीत एकदम शांतता झाली. काकूंनी पदर डोळ्याला लावला आणि म्हणाल्या चार महिने तो मला काम करू देत नव्हता आणि मला कळलंच नाही. त्या दिवशी मॅडमनी पुढचं शिकवायचं बाजूला ठेवलं आणि सगळा तास तेवढ्यावरच घेतला, आय गॉट इट म्हणजे कळलं, आय गॉट इट म्हणजे मी बघतो, आय गॉट यू म्हणजे मी आहे ना तुझ्या पाठीशी, कुठला केव्हा ते आवाजावरून आणि प्रसंगावरून. काकूंनी घरी जाऊन व्हिडिओ कॉल केला म्हणे. पुढच्या गुरुवारी सगळ्यांसाठी नारळाच्या वड्या आणल्या.

ट्रेनचं पण सांगायलाच हवं कारण आम्ही निम्मे लोक ट्रान्सहार्बरवाले, म्हणजे ठाणे-नवी मुंबई लोकलचे. मी तुर्भ्याहून येते, डब्यात ऐरोली उतरणार का, रबाळे उतरणार का हे चालूच असतं, आणि इंग्रजीत बोलणारे लोक विचारतात 'आर यू गेटिंग डाउन?' हे चूक का असं मी विचारलं. मॅडमचं उत्तर मला पटलं. भारतात सगळे गेट डाउनच म्हणतात, ठाण्यात तेच बोला, कुणालाही कळतं, पण लंडनच्या माणसाशी बोलताना गेट ऑफ म्हणा, कारण त्याच्या कानाला गेट डाउन म्हणजे उंचावरून, शिडीवरून, घोड्यावरून खाली उतरणं. आणि साधारण नियम असा की ज्यात उभं राहता येतं, चालता येतं ती बस, ट्रेन, विमान, त्यात गेट ऑन आणि गेट ऑफ, आणि ज्यात वाकून शिरावं लागतं ती रिक्षा, टॅक्सी, कार, त्यात गेट इन आणि गेट आउट ऑफ. आता रोज ठाण्याला सॅटिसखाली, म्हणजे स्टेशनबाहेरच्या पुलाखाली, रिक्षात बसताना माझ्या मनात गेट इन येतंच. चुकीला चूक म्हणायचं पण आपल्या माणसांच्या बोलण्याला खालचं मानायचं नाही, हा जो त्यांचा समतोल आहे तो मला त्या काचेच्या क्लासमध्ये कुठेच दिसला नव्हता. तिथे 'मॅरिड विथ' म्हणालात तर सगळ्यांसमोर उभं करायचे. इथे मॅडम फक्त म्हणाल्या 'गॉट मॅरिड टू', आणि पुढे गेल्या.

थोडा इतिहास पण सांगतात, फार नाही, एका बैठकीत अर्धा तास. हा शब्द मुळात इंग्रजांचा नाहीच, उत्तरेकडच्या नॉर्स लोकांच्या 'गेटा' या शब्दावरून इंग्रजीत आला. जुन्या इंग्रजीत त्याचा भाऊबंद होता पण तो एकटा फिरायचा नाही, दुसऱ्याला चिकटून असायचा, त्यातलाच 'फरगेट' आजही आहे. अमेरिकन लोक 'गॉटन' म्हणतात ते आपल्याला नवीन फॅड वाटतं पण ते जुनंच रूप आहे, इंग्लंडमध्ये मागे पडलं, तिकडे टिकलं. आणि त्यात फरक पण करतात, हॅज गॉट म्हणजे आहे, हॅज गॉटन म्हणजे मिळवलंय किंवा झालंय. आमच्या ह्यूस्टनच्या एजंटच्या मेलमध्ये हे मी नंतर तपासून बघितलं, अगदी तसंच. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशात १९८९ च्या आवृत्तीत 'सेट' या क्रियापदाचे ४३० अर्थ होते, आणि २०११ मध्ये 'रन'ने त्याला मागे टाकलं, ६४५. हे ऐकून बॅचमधला एक कॉलेजचा मुलगा म्हणाला मग आपण सोडूनच देऊ, तेव्हा मॅडमनी त्याला फळ्याचा पहिल्या दिवशीचा फोटो दाखवला, लागणेचा.

आता जे आवडलं नाही ते पण लिहिते, कारण पैसे भरून जाणाऱ्याला माहीत असावं. खोली लहान आहे, बारा माणसं बसली की पंख्याचा उपयोग होत नाही आणि खिडकी उघडली की खालच्या हॉर्नमुळे मागे बसलेल्यांना ऐकू येत नाही, मी दोन बैठका मागे बसले आणि मला त्रास झाला. नोट्स हाताने लिहिलेल्या, त्याची झेरॉक्स, तिसरं पान तर एवढं फिकट की मी परत मागून घेतलं. गुडघे दुखणाऱ्यांनी जिन्याचा विचार करा, काकू प्रत्येक मजल्यावर थांबायच्या.

पण खरी तक्रार दोन. एक म्हणजे ऐकण्याचा सराव जवळजवळ नाहीच. इंग्रज किंवा अमेरिकन माणूस बोलताना गेट इतकं पटकन गिळतो की 'गेट इट' आणि 'गेट अप' मध्ये ट ऐकूच येत नाही, ड किंवा र सारखं काहीतरी वाटतं, आणि आमचं काम फोनवर असतं. मॅडम स्वतः बोलून दाखवतात पण त्यांचा उच्चार स्पष्ट, आपला. रेकॉर्डिंग ऐकवायला हवीत. मी त्यांना तसं तोंडावर सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं. दुसरं म्हणजे फ्रेजल व्हर्ब्स शेवटच्या दोन बैठकांत कोंबले. जे केलं ते उत्तमच होतं, गेट बाय म्हणजे भागवणे, गेट अलाँग म्हणजे पटणे, गेट ओव्हर म्हणजे सावरणे, गेट अवे विथ म्हणजे केलेलं पचणे, 'त्याला ते पचलं', असे नेमके मराठी शब्द मी कुठल्या डिक्शनरीत बघितले नाहीत. पण गेट राउंड टू, गेट अॅट वगैरे नुसते फळ्यावर आले आणि पुसले गेले. यासाठी चार बैठका हव्यात.

शेवटच्या दिवशी परीक्षा नव्हती. मॅडमनी एक पत्र दिलं, ज्यात गेट अकरा वेळा होता, आणि म्हणाल्या आता हेच ऑफिसचं पत्र करा. म्हणजे जिथे मिळालं तिथे रिसीव्ह्ड, जिथे पोचलं तिथे अराइव्ह्ड, जिथे झालं तिथे बिकेम. बोलताना गेट भरपूर वापरा, लिहिताना विशेषतः पहिल्या ओळखीच्या पत्रात हात आखडता घ्या, एवढं त्यांचं म्हणणं. मी आठ काढले आणि तीन ठेवले. 'वी गॉट द कार्गो इन्स्पेक्टेड' ठेवलं, त्याच्या शेजारी मॅडमनी लिहिलं की इथे 'हॅड' पण चालेल आणि पत्रात ते जास्त शोभेल. ते पान मी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवलंय.

फी साडेचार हजार, दोन हप्त्यांत दिली तरी चालते. एखादी बैठक बुडली तर शनिवारी दुपारी अर्धा तास बोलावून घेतात, त्याचे वेगळे पैसे नाहीत, माझी एक बुडली होती, मेगाब्लॉक नसताना पण गाडी कोपरखैरण्याला पाऊण तास उभी होती तेव्हा. नवी मुंबईहून येणाऱ्यांनी साडेसहाच्या आत निघा, प्लॅटफॉर्मवरून बाहेर पडून घंटाळीपर्यंत चालत यायलाच बराच वेळ जातो. ज्यांना अगदी एबीसीपासून सुरुवात करायचीय त्यांच्यासाठी हा क्लास नाही, वाचता-लिहिता यायला हवं. ज्यांना सर्टिफिकेट हवंय त्यांच्यासाठी पण नाही, ते मिळत नाही. माझ्याकडून पाचात साडेचार, तो अर्धा ऐकण्याच्या सरावासाठी राखून ठेवलाय.

पुढची बॅच गणपती झाले की सुरू, क्रियापद 'टेक'. वेळ लागतो, पैसे लागतात, ते सगळं तिकडे गेलंय म्हणे. मी आणि काकूंनी नाव दिलंय, दहा जागा आहेत.